सत्तावीस नंबरच्या ट्रेमधला सांगाडा

भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना काका म्हणत. खडकातून रेडिओलेरिया वेगळे काढणं हे त्यांचं काम. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांचे हे काचेसारखे जाळीदार सांगाडे. त्यांच्यापुढे खसखशीचा दाणासुद्धा भोपळा. खडक आम्लात विरघळवायचा, उरलेला गाळ काळ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका केसाच्या ब्रशने हवा तो सांगाडा उचलायचा. त्यांचा हात जराही हलत नसे. "घरी कप फोडतो तो हात मग कुणाचा?" असं बायको विचारायची.

त्यांच्या मुलीच्या वयाची एक संशोधक तिथे पीएचडी करत होती. काकांनी सुईच्या टोकावर चिकटवलेला सांगाडा ती एक्स-रे यंत्रात ठेवायची. यंत्र तो हळूहळू फिरवत शेकडो फोटो घ्यायचं आणि ते जुळवून पडद्यावर त्रिमितीय आकृती उभी राहायची. सांगाडा न फोडता आतल्या जाळ्या मोजता यायच्या.

खडकाच्या सगळ्यात जुन्या थरातून महिनाभरात एकच अखंड सांगाडा मिळाला. यंत्रावर तिची पाळी तीन महिने थांबल्यावर आली होती. त्या सकाळी काकांनी तो ब्रशवर घेतला आणि त्यांना शिंक आली.

सांगाडा गेला. टेबल, बाही, फरशी, सगळं धुंडाळलं, छे! बाहेर तिच्या पावलांचा आवाज आला. शेजारी सत्तावीस नंबरचा ट्रे होता, बऱ्याच नंतरच्या थराचा. त्यातला एक हुबेहूब तसाच दिसत होता. त्यांनी तो उचलून सुईवर बसवला.

"झालं, काका?"

"झालं."

दोन दिवसांनी ती धावतच आली. "काका, आत तिसरी जाळी आहे! इतक्या जुन्या थरात कुणालाच मिळालेली नाही!" तिने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. काकांनी तो कागदात गुंडाळून खिशात घातला.

तिने त्यावर लेख लिहिला, प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उभं केलं. काका दोन वर्षं मूग गिळून बसले. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. ती "काका, चहा?" म्हणून विचारायची आणि ते कप पुढे करायचे. शेवटी त्यांनी बायकोजवळ मन मोकळं केलं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "जिला सांगायचं तिला सांगा."

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. काका तिच्या टेबलापाशी उभे राहिले आणि एका दमात सगळं बोलून गेले. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"कुठल्या ट्रेमधला?"

"सत्तावीस."

"नक्की?"

"नक्की. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, पोरी."

"पोरी म्हणू नका," ती म्हणाली आणि संगणकाकडे वळली.

तिने लेख मागे घेतला, काकांचं लेखी निवेदन जोडून. प्रकरण काढून टाकलं, त्या थराचा खडक नव्याने मागवला. काकांना वरिष्ठांनी ताकीद दिली. दिली नसती तर त्यांना जास्त लागलं असतं. पुढचे आठ महिने ते रोज तासभर आधी येऊन गाळ चाळत बसले. चार अखंड सांगाडे मिळाले. प्रत्येक उचलताना ती शेजारी उभी राहून ट्रेचा नंबर स्वतः लिहून घ्यायची. काका ट्रे तिच्याकडे वळवून धरायचे. चारही सांगाड्यांत दोनच जाळ्या निघाल्या.

पदवी मिळाली, पण परगावच्या संस्थेत तिच्यासाठी ठेवलेली जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती. ती एका छोट्या महाविद्यालयात शिकवायला गेली. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, काकांचाही, चारचौघांसारखाच.

"तुम्ही खरं सांगितलंत ना शेवटी?" बायको समजूत घालते.

"शेवटी," काका म्हणतात. "सुई तिच्या हातात देताना सांगायचं होतं."