तपासायला आणलेली चिनी किटली

१९५७ साल, थंडीतला एक रविवार, सकाळचे नऊ. जागा: परळच्या चाळीतली माझ्या भावाची खोली. हजर: मी, धाकटा भाऊ, त्याची बायको, आमची आई. स्टुलावर एक तपकिरी चिनी किटली, जेमतेम दोन कपांची, नुसत्या भाजल्या मातीची, झिलई नसलेली.

भाऊ फोर्टातल्या चहाच्या कंपनीत कारकून होता. चहा चाखून त्याची प्रत ठरवणारे तिथले म्हातारे साहेब मंगळवारी निवृत्त होणार होते. भावाला सगळं काम त्यांनीच शिकवलेलं. अशा किटलीतला चहा फार वर्षांत प्यायलो नाही, असं ते एकदा बोलून गेले. तेवढ्यावर याने त्यांना निरोपाची भेट म्हणून चोरबाजारातून ही जुनी किटली विकत घेतली. तडा निघाला तर रविवारी दुपारपर्यंत परत आणा, असं दुकानदार म्हणाला होता. सोमवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी बंद होता, म्हणजे रविवार गेला की दुसरी भेटवस्तू मिळणं कठीण.

घरातल्या वस्तू तपासायचं काम माझ्याकडे. मी आदल्या दिवशीच चिठ्ठी पाठवून दिली: एक, स्वच्छ करणे. दोन, टिचकी मारून आवाज. तीन, झाकण. चार, पाणी भरून अर्धा तास.

किटली हातात घेतली तर बाहेरून खरखरीत, आतून चिंचेचा वास.

"हिला काय केलंत?"

"घासली," भावजय म्हणाली. "चिठ्ठीत पहिलं तेच होतं ना, वन्सं? आतला काळा थर सुटेना. राख, चिंच, मग काथ्याने खरवडला."

"अगं, तो थर म्हणजे वर्षानुवर्षांचा चहा," भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला. "साहेबांना तोच हवा असतो."

"मग तसं सांगायचं. मी चहा पिते, चाखत नाही."

"तरी शुद्ध नाहीच झाली," आई कोपऱ्यातून म्हणाली. "परक्याचं पितळ घासून चालतं. माती फोडायची असते."

"म्हणून तर दोनदा घासली, सासूबाई."

मला कोणाला बोलायची सोय नव्हती. पहिलं कलम माझंच होतं.

टिचकीचा आवाज खणखणीत आला. झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की तोटीची धार थांबत होती, म्हणजे झाकण घट्ट. मग पाणी भरून किटली वर्तमानपत्रावर ठेवली. वीस मिनिटांनी मुठीच्या खाली एक थेंब दिसला. पुसला. पुन्हा आला. केसाएवढी चीर.

"आधीची की आपली?" भावाने विचारलं.

सांगता येईना. चीर जुनी असून चहाच्या थराने बुजलेली असेल, किंवा काथ्याच्या जोराने आज पडली असेल. जुनी असेल तर परत करता येत होती. पण खरवडलेली किटली घेऊन दुकानदारासमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

"ताई, तू सांग. जाऊ की नको?"

"थांब, पुन्हा भरून बघू," मी म्हणाले. पुन्हा भरली, आणि पुन्हा. असं करता करता दुपार टळली.

मंगळवारी भाऊ नुसता हार घेऊन गेला. तुमची वस्तू मागाहून आणून देतो, असं साहेबांना सांगून आला. किटली त्याने माझ्याकडे ठेवली. ती दाट चहात उकळावी, चीर कदाचित पुन्हा बुजेल, असं मी माझ्या कामांच्या वहीत लिहिलं. दर नव्या वहीत ते कलम उतरवून घेते. किटली अजून कोरडीच आहे.