हेल्मेट घातल्यावर कुणाला कळतंय

मी वहिनी आहे. नवऱ्याला दोन धाकटे भाऊ आहेत, त्या दोघांची आहे आणि ते मला वहिनी म्हणतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गॅरेजवाल्याची मी वहिनी नाही, आणि गुत्तेदाराची तर नाहीच नाही. हे दोघं आणि मी नांदेडला इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. वीस वर्षं आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतोय, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लंय, एकमेकांची जर्नलं उतरवलीत. माझा नवरा या दोघांना दोनदा भेटला असेल, एकदा आमच्या लग्नात आणि एकदा दवाखान्यात. म्हणून सांगते, जे झालं ते आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते.

लातूरला मी अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. गॅरेजवाल्याचं गॅरेज औसा रोडला आहे आणि गुत्तेदार नांदेडला रस्त्यांची कामं घेतो. शर्यतीची गाडी घ्यायचं खूळ गुत्तेदाराच्या डोक्यातून निघालं. हौशी लोकांसाठी अशा दिवसभराच्या शर्यती हल्ली होतात. एकेक गाडी सोडतात, घड्याळ लावतात, कमी वेळ ज्याचा तो पहिला. तिघांनी मिळून एक जुनी गाडी घ्यायची आणि तिघांनी पाळीपाळीनं चालवायची, असं ठरलं. तिघांनी, हा शब्द लक्षात ठेवा.

गुत्तेदाराला सनरूफ पाहिजे होतं. मी म्हटलं, बाबा, तुला शर्यतीला जायचंय का वरातीला. शर्यतीच्या गाडीला वजन नको असतं, आणि गाडी जितकी जुनी आणि साधी तितकं तिच्यातून काढून टाकता येतं. हे त्याला पटायला महिना गेला. शेवटी देवणीला एका रिटायर्ड गुरुजींकडं पेट्रोलवर चालणारी छोटी जुनी गाडी आहे, ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली, असं कळलं आणि आम्ही तिघं गेलो.

गुरुजी गाडीचं सगळं त्या दोघांना सांगत होते. इंजिन कधी खोललं, ऑइल कधी बदललं, सगळं त्यांच्याकडं बघून. मी मधे दोनदा विचारलं, उत्तर दोन्ही वेळा गॅरेजवाल्याला मिळालं. मग माझ्याकडं वळून गुरुजी मायेनं म्हणाले, "ताई, तुम्हाला रंग आवडला का?"

त्यावर गॅरेजवाला जे बोलला ते मी मुद्दाम इथं लिहून ठेवतेय. तो म्हणाला, "गुरुजी, ती रंग बघायला न्हाई आली. ती खाली जाऊन चेसिस बघणार हाय, तुम्ही फक्त एक पोतं द्या अंथरायला."

गुरुजींनी पोतं दिलं. मी खाली गेले, टॉर्च मारला. पुढच्या उजव्या बाजूला थोडा गंज होता, बाकी पत्रा ठणठणीत. बाहेर येऊन मी मान हलवली आणि गाडी आमची झाली. परत येताना मला वाटलं, हा माणूस आपला आहे. इमानदारीत सांगते, वाटलं.

पुढं चार महिने दर रविवारी आम्ही गाडी सोलली. मागचं सीट काढलं, गालिचे काढले, स्टेपनी काढली, दारातले स्पीकर काढले. ब्रेक नवे घातले. किल्लारीकडं जाताना एक गोदाम आहे, हंगाम नसला की त्याचं भलंमोठं आवार रिकामं असतं. मालक गुत्तेदाराच्या ओळखीचा. तिथं रंगाचे रिकामे डबे मांडून आम्ही वळणं केली आणि मोबाइलवर वेळ लावली.

आता हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, जे होतं ते सांगते. तिघांत मी वेगवान होते. एकदा नाही, दर रविवारी. गुत्तेदार डबे उडवायचा. गॅरेजवाला इंजिनचा आवाज ऐकून खूश व्हायचा आणि वळणाच्या तोंडाशी येऊन कचकन ब्रेक दाबायचा, की गाडी नाक खुपसून घसरायची. मी ब्रेक आधी मारायचे, सरळ रेषेत, आणि वळणात पाय मोकळा ठेवायचे. वडिलांच्या शेतात निलंग्याला मी ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर बांधावरून उलटा घेतलाय, मला आतून कळतं मागचं चाक कुठं आहे ते. शिवाय रोज वर्गात वर्तुळाकार गती शिकवते, ती काय नुसती फळ्यावर ठेवायला? गॅरेजवाला मोबाइल बघायचा आणि म्हणायचा, "मास्तरीणबाई, तू मानसाला कामाला लावून राहिलीस." पण त्याच्या आवाजात कौतुक असायचं.

मला त्या शर्यतीतून एकच गोष्ट पाहिजे होती. ढाल नको, फेटा नको. बोर्डावर वेळ लिहितात ना, त्या वेळेपुढं माझं नाव. आयुष्यात माझं नाव हजेरीपत्रकावर आलं, रेशन कार्डावर आलं, लग्नपत्रिकेत आलं. मी स्वतः किती जोरात गेले याच्यापुढं कधी आलं नव्हतं. हे मी त्या दोघांना सांगितलंही होतं. दोघंही हसले नव्हते.

शर्यत नांदेडच्या बाहेर होती, एका प्लॉटिंगवर. प्लॉट पाडलेले, डांबरी रस्ते झालेले, चौक झालेले, विजेचे खांब उभे, आणि घर एकही नाही. प्लॉट खपेनात म्हणून मालकानं रस्त्यांवर शर्यत ठेवली होती. म्हणजे लोक गाड्या बघायला येतील आणि जाताना प्लॉट घेऊन जातील. फॉर्म द्यायला गॅरेजवाला एकटाच नांदेडला गेला होता. मला वाटलं, काम केलं बिचाऱ्यानं.

गेटवर टेबल टाकून एक माणूस यादी घेऊन बसला होता. त्यानं गॅरेजवाल्याच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला, गुत्तेदाराला पिवळा बांधला आणि मला गुलाबी. पट्ट्यावर लिहिलं होतं, परिवार.

मी म्हटलं, चूक झालीय, मी ड्रायव्हर आहे. त्यानं यादी माझ्यापुढं फिरवली. चालक एक, गॅरेजवाल्याचं नाव. चालक दोन, गुत्तेदाराचं नाव. चालक तीनची रेघ कोरी. आणि खाली 'सोबत येणारा परिवार, जेवणासाठी' या रकान्यात मी. गॅरेजवाल्याच्या अक्षरात. ते अक्षर मी वीस वर्षं ओळखते.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, हे काय आहे. तो इकडंतिकडं बघत होता, नांदेडची दोन-चार ओळखीची माणसं तिथं उभी होती. म्हणाला, "अगं, फॉर्म घेणारा विचारत होता, बाई कोण तुमच्या. काय सांगू? मैत्रीण सांगू? लोक काय काय बोलतेत. आत्ता भानगड नको, वहिनी."

वहिनी. वीस वर्षांत पहिल्यांदा.

गुत्तेदार पुढं आला आणि समजूत काढायच्या सुरात म्हणाला, "तूच चालव ना. तीच तर गंमत हाय. हेल्मेट घातल्यावर कुणाला कळतंय?"

मी तिथूनच लातूरची गाडी धरायला पाहिजे होती. धरली नाही. चार महिने हातांना ग्रीस लागलं होतं, समोर रिकामे रस्ते होते, आणि मला चालवायची होती. ही माझी लाचारी आहे, ती मी लपवत नाही. मी गुलाबी पट्टा बाहीत कोंबला आणि हेल्मेट घातलं.

तोपर्यंत परिवाराच्या मांडवात बायकांसाठी संगीत खुर्ची सुरू झाली होती. ते गाणं थांबलं की निवेदक पूर्वेकडं तोंड असलेल्या प्लॉटांची जाहिरात करायचा आणि जाहिरात संपली की पुढची गाडी सोडायचा. आमचा नंबर आला तेव्हा त्यानं गॅरेजवाल्याचं नाव वडिलांच्या नावासकट घेतलं आणि म्हणाला, हे बघा आले लातूरचे.

एका चालकाला दोन राउंड होते, त्यातला चांगला धरायचा. पहिल्यात मी रस्ता बघून घेतला. तिसऱ्या चौकात खडी पसरली होती, तिथून आतल्या बाजूनं जायचं. दुसऱ्या राउंडला मी काहीच विचार केला नाही. ब्रेक, पाय मोकळा, वळण, आणि लांबचा तो सरळ रस्ता, दोन्ही बाजूला प्लॉटांच्या पांढऱ्या रंगवलेल्या खुणा सपासप मागं जाताना. मी आत एकटीच मोठ्यानं हसत होते. एक मिनिट चार सेकंद. आमच्या गटात त्याहून कमी कुणाचीच वेळ आली नाही, दिवसभर.

मी गाडी जनरेटरच्या टेम्पोमागं नेली. ठरलंच होतं तसं, गॅरेजवाला तिथंच लपून बसला होता. मी उतरले, हेल्मेट त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, एक चार. तो म्हणाला, "लई भारी." मग त्यानं पाण्याची बाटली उघडली आणि स्वतःच्या डोक्यावर ओतली. केस ओले केले, कॉलर ओली केली, हेल्मेट काखेत मारलं आणि लोकांत गेला.

ते पाणी मला आजही दिसतं. नाव चुकून गेलं असेल, भिडेनं गेलं असेल, मी मान्य करीन. पण घाम? माझा घामसुद्धा त्यानं घेतला.

दुपारी बक्षिसं होती. प्लॉटवाले मालक, शाल, नारळ, फेटा, सगळं साग्रसंगीत. गॅरेजवाल्याचं नाव पुकारलं. तो फेटा बांधून खुर्चीवर बसला. निवेदक म्हणाला, विजेत्यांच्या वहिनी आल्या असतील तर त्यांनी औक्षणाला यावं. गुत्तेदारानं मला कोपर मारलं. "जा ना वहिनी. लोक बघून राहिलेत." कुणीतरी ताट माझ्या हातात दिलं, निरांजन लावलेलं.

आणि मी ओवाळलं. हो, ओवाळलं. याचा राग मला त्याच्यापेक्षा माझा जास्त येतो. हाताला सवय असते, ताट दिलं की तो फिरतो. त्याच्या कपाळाला कुंकू लावताना माझ्या बोटांना स्टिअरिंगच्या रबराचा वास येत होता. तो मान खाली घालून बसला होता.

तेवढ्यावर भागलं नाही. निवेदकानं माईक माझ्या तोंडापुढं धरला. "वहिनी, असं कसं, आता नाव घ्या."

मला कळायला वेळ लागला. म्हणजे मी याची बायको. उखाण्यात याचं नाव घ्यायचं. मी गॅरेजवाल्याकडं बघितलं. आता तरी हा उठेल, निदान म्हणेल, अहो, या माझ्या वर्गमैत्रीण आहेत. देवणीला बोलला होता की. तो फेट्याचं टोक सारखं करत होता आणि कसनुसं हसत होता.

मी माईक धरला. मला माझी वेळ सांगायची होती. मी म्हटलं, "एक मिनिट..."

"घ्या, घ्या," निवेदक म्हणाला, "एक काय, दोन मिनिटं घ्या वहिनी, आठवा निवांत." मांडव हसला. पुढचं चार सेकंद त्या हसण्यात कुणाला ऐकू गेलं नाही. मी माईक परत दिला आणि खाली उतरले.

परतीच्या वाटेवर लोहा लागलं. तिथं चहाला थांबलो. गॅरेजवाला फेटा काढून माझ्याजवळ आला. म्हणाला, "चिडलीस का? ढाल तुझ्याच घरी ठेव. चहा घेतेस?"

मी म्हटलं, "तुम्ही घ्या, भावजी."

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नव्हते. त्याला वहिनी पाहिजे होती, मी वहिनी झाले. त्या दिवसापासून मी त्याला अरे म्हटलं नाही. गॅरेजवर गेले की ओढणी डोक्यावरून घ्यायची आणि विचारायचं, भावजी, ब्रेक बघितले का. भावजी, बसा तुम्ही, मी पाना देते. पहिल्या आठवड्यात त्याच्या कामगारांना हसू आलं, दुसऱ्यात नाही आलं. त्याच्या बायकोनं घरी विचारलं, ह्या अशा का बोलतात. त्यानं मला फोन करून बोलून बघितलं, ओरडून बघितलं, गुत्तेदाराला मधे घातलं. गुत्तेदारालाही मी भावजीच म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

दोन महिन्यांनी गॅरेजवाला माझ्या क्लासच्या दारात आला. वर्ग सुटत होता. त्यानं खिशातून पुढच्या शर्यतीचा फॉर्म काढला. चालक एक, माझं नाव, पूर्ण, त्याच्या अक्षरात. चालक दोनची आणि तीनची रेघ कोरी. खाली परिवाराच्या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पेन दे, हितंच सही कर. पण आता ते भावजी बंद कर गं. वीस वर्षं नावानं हाका मारल्यास. एकदा नाव घे ना माझं."

मी पर्समधून पेन काढलं आणि माझ्या नावापुढं सही केली.

"घेतलं की तेव्हा," मी म्हटलं. "दोन राउंड तुमच्याच नावानं मारले, भावजी."