आईचं पहिलं विमान आणि देवापुढचा नारळ

पहिल्या विमानप्रवासाचे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप जमतात. दुसऱ्यांदा विमानात बसलेला माणूस एकदम शहाणा होतो, खिडकीकडे बघतसुद्धा नाही. पण पहिल्या वेळचं विचारा, स्वतःची फजिती असली तरी रंगवून रंगवून सांगतो! इंदूरच्या सांवेर रोडवरच्या आमच्या पंपाच्या कारखान्यात तर हा साठा भरपूर. पूर्वी आमची माणसं साइटवर रेल्वेनं जायची. मग गिऱ्हाइकांना घाई झाली आणि कंपनीनं फिटरपासून अकाउंट्सपर्यंत सगळ्यांना विमानात बसवलं. तिकिटं काढायचं काम माझ्याकडे. त्यामुळे प्रत्येकाची फजिती आधी माझ्या टेबलावर येते आणि मग कँटीनमध्ये जाते.

साहजिकच मी या विषयातला मास्तर समजला जायचो. ही समजूत माझ्या आईनं एका दिवसात मोडली.

* * *

त्या दिवशी कारखान्यात सकाळच्या चहाच्या वेळीच बंगळूरहून जिजाजींचा फोन आला. वर्षाताईला आठवा महिना होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, कितीतरी उपचारांनंतर राहिलेलं मूल. बीपी एकदम चढलं होतं आणि संध्याकाळी ऑपरेशन करायचं डॉक्टरांनी ठरवलं होतं.

"वर्षा हट्टाला पेटली आहे," जिजाजी म्हणाले. "आई आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणते. मिलिंद, कसंही कर, आईंना आण."

दुपारचं विमान मिळालं. आईनं तोवर विमान फक्त गच्चीवरून पाहिलं होतं. तिकीट काढताना माझीच बोटं भलतीकडे पडत होती. ते आमच्या बाळू भियानं, म्हणजे इंदुरी बोलीत बाळूभाऊनं, पाहिलं.

"काय टेन्शन घेऊन राहिला भिया? आईंना रस्त्यात आपले सगळ्यांचे किस्से सांग. हसत हसत जातील आणि शिकतील पण!"

मला हे पटलं. पटायला नको होतं.

* * *

जुन्या इंदूरहून टॅक्सी निघाली आणि मी बाळू भियापासूनच सुरुवात केली.

बाळू भिया फिटर. औजारं परक्याच्या हातात द्यायची नाहीत हा त्याचा नियम. पहिल्याच प्रवासात काउंटरवर त्यानं कपड्यांची बॅग दिली आणि पाने-हातोडीची पिशवी खांद्याला ठेवली. सिक्युरिटीच्या मशीनमध्ये पिशवी गेली आणि पट्टा थांबला.

"ये सब अंदर नहीं जाएगा."

"अरे साहब, मैं पंप खोलने जा रहा हूँ, विमान थोड़े ही खोलूँगा!"

तिथे असले विनोद करायचे नसतात. बाळू भियाला बाजूला बसवून त्याच्या खानदानाची चौकशी झाली! औजारं इंदूरलाच राहिली. साइटवर इंजिनिअरनं विचारलं, "टूल्स कहाँ हैं?"

बाळू भिया म्हणाला, "सर, टूल्स की फ्लाइट छूट गई."

"तर आई, नारळ मोठ्या बॅगेत," मी म्हणालो. "हातातल्या पिशवीत चालत नाही."

"ठेवलाय बाबा," आई म्हणाली.

या नारळाबद्दल सांगायला हवं. सकाळी बातमी कळल्याबरोबर आईनं तो देवापुढे ठेवला होता. आत जायच्या आधी ताईची ओटी त्याच नारळानं भरायची. पण आई स्वतः भरणार नव्हती, ताईच्या सासूबाईंच्या हातून भरून घेणार होती. बाबा गेल्यापासून आईनं कुणाचीच ओटी भरली नाही. तिला कुणी मना केलं नव्हतं. हळदीकुंकू असलं की ती आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसायची आणि आम्ही सगळे ते बघून न बघितल्यासारखं करायचो. मला त्याचा राग यायचा, पण बोलायचं धैर्य कधी झालं नाही.

"बंगळूरात नारळ मिळत नाहीत का गं?" मी निघताना विचारलं होतं.

"मिळतात. आपल्या देवापुढचा मिळत नाही."

* * *

बडा गणपतीपाशी टॅक्सी अडकली. पुढे बस, मागे टेम्पो. आईला घड्याळ दिसू नये म्हणून मी घाईघाईनं जोशीजींचा किस्सा काढला.

जोशीजी आमचे स्टोअरवाले. त्यांनी पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली. ती तिथे चालत नाही, हातातच ठेवावी लागते. बॅग गेली आणि हे निवांत गेटपाशी बसले. एवढ्यात माइकवरून त्यांचं नाव! घरी वडील आजारी. माइकवरून माणसाचं नाव पुकारतात ते वाईट बातमी सांगायलाच, अशी त्यांची खात्री. बिचारे डोळे पुसत काउंटरवर पोचले.

"सर, बैग खोलनी पड़ेगी. उसमें पावर बैंक है."

जोशीजींनी त्या मुलीला हात जोडले. "बस, इतना ही? रख लो बेटा! बैग भी रख लो!"

मी हसलो. टॅक्सीवाला हसला. आई हसली नाही.

"म्हणजे तिथली लोकं आपली बॅग उघडतात?"

"कधीकधी."

"आणि आतलं काढून घेतात?"

"नको असलेलं काढतात."

आईनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. एवढ्यात बस हलली आणि मी ड्रायव्हरला "भिया, दबाओ!" म्हणण्यात गुंतलो.

* * *

एअरपोर्टच्या दारात आईचं आधार कार्ड आणि तिकीट बघत होते, तेव्हा मीही वाकून दोन्हींवरचं नाव पुन्हा ताडून पाहिलं. कारण आमच्या अकाउंट्सच्या कुलकर्णी मॅडम.

त्यांचं तिकीट मिस्टरांनी काढलं होतं. माझ्याकडून काढलं नव्हतं, हे लक्षात असू द्या! तिकिटावर सासरचं नाव मेधा. आधारवर अजून माहेरचं, सुनंदा.

"ये मेधा कौन है?"

"मैं."

"और सुनंदा?"

"वो भी मैं."

मिस्टर पुढे सरसावले, "मेरी वाइफ है, मैं गारंटी देता हूँ!" मॅडम कडाडल्या, "लग्नात नाव बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता ह्यांना तुम्हीच समजवा!"

मिस्टर गारंटी देत राहिले आणि विमान गेलं.

आईचं नाव जुळलं. काउंटरवर बॅग गेली. फोनवर जिजाजींचा मेसेज होता, बीपी अजून उतरलेलं नाही, डॉक्टर आता संध्याकाळपर्यंतही थांबायला तयार नाहीत. आईला मी तो दाखवला नाही.

* * *

सिक्युरिटीला बायकांची रांग वेगळी. मी माझ्या बाजूनं पार होऊन पट्टा-बूट चढवत होतो. पलीकडे मशीनचा पट्टा थांबला. ट्रेमध्ये आईची पिशवी होती.

मी डोकं धरलं. जोशीजींची बॅग उघडली हे ऐकून आईनं काउंटरवर जायच्या आधीच नारळ हातातल्या पिशवीत घेतला होता!

"माताजी, नारियल अंदर नहीं जाएगा," वर्दीतली मुलगी म्हणाली. आवाज नरम होता, पण नियम तो नियम. "इधर डिब्बे में डाल दीजिए."

आईनं डबा पाहिला. त्यात पाण्याच्या बाटल्या होत्या, लायटर होते, कुणाची तरी अर्धी कात्री होती.

"देवाचा आहे, बेटा. इसको कचरे में नहीं डालते."

"तो बाहर किसी को दे आइए."

तेवढ्यात आमच्या विमानाची शेवटची घोषणा झाली. बाहेर जाऊन परत यायला वेळच नव्हता. मी पलीकडून ओरडलो, "आई, टाक! ताई थांबलीय!"

आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती त्या मुलीकडे बघत होती.

"शादी हुई है तेरी?"

"जी?" मुलगी गोंधळली. "हाँ, हुई है."

"तो पल्लू आगे कर."

मुलीनं स्वतःच्या खाकी शर्टाकडे पाहिलं. पदर कुठून आणणार! मागे रांगेत चुळबुळ चालली होती. मग तिनं बाजूचा रिकामा ट्रे उचलला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

आईनं पिशवीतून पुडी काढली. त्या मुलीला हळदीकुंकू लावलं. सासूबाईंच्या हाती द्यायला घेतलेले तांदूळ, खण आणि तो नारळ ट्रेमध्ये ठेवला. मुलीच्या मागे उभे असलेले तिचे मोठे साहेब एकदम भिंतीवरचं घड्याळ निरखून बघायला लागले.

मुलगी वाकली आणि तिनं आईच्या पायांना हात लावला.

"चल," आई माझ्यापाशी येऊन म्हणाली. "उभा काय राहिलास?"

* * *

विमानात फोन बंद. पहिल्यांदा बसणाऱ्याला पट्टा कसा लावायचा, कान दुखले तर काय करायचं, सगळं मी शिकवतो. फोन बंद असताना वेळ कसा काढायचा ते कधी शिकवलं नव्हतं. आई खिडकीशी बसली होती. ढगांकडे तिचं लक्ष नव्हतं. बोटांना लागलेलं कुंकू ती बघत होती आणि पुसत नव्हती.

"मिलिंद, आता वर्षाला काही झालं तर आपल्याला कळणार नाही ना?"

"उतरल्यावर कळेल."

"मग गप्प बस," ती म्हणाली. मी काहीच बोलत नव्हतो, तरी गप्प बसलो.

उतरल्यावर सगळे उठून उभे राहिले, वाट बंद! आईनं हात जोडले आणि खणखणीत म्हणाली, "बेटी का ऑपरेशन है!" सगळं विमान बाजूला सरकलं.

* * *

भाची झाली. वजन कमी, पण रडणं असं की बाहेरच्या बाकावर ऐकू आलं. ताईही सुखरूप. पण किस्सा तो नाही. किस्सा त्याच्या आधीचा.

आम्ही पोचलो तेव्हा ताईचं स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच होतं. ताई त्याचा दांडा घट्ट धरून पडली होती. नर्स चिडलेली, जिजाजी घामाघूम. आईला बघताच ताईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

सासूबाई पुढे आल्या. "विहीणबाई, नारळ?"

"इंदूरला देऊन आले," आई म्हणाली.

वेळेला असावा म्हणून सासूबाईंनी कोपऱ्यावरून एक नारळ आणून ठेवला होता. त्यांनी तो पिशवीतून काढला, कुंकवाची डबी उघडली. मी सवयीनं आईकडे पाहिलं. आता ती मागे सरकेल, भिंतीशी जाऊन उभी राहील.

आईनं हात पुढे केला.

"द्या इकडे. आज एक भरून आलेय मी."