न पिळलेली मेथी

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मी लग्न होऊन बोरीला आले. पुढच्या हिवाळ्यात मला दिवस गेले, आणि उठता-बसता डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पापणी ओढून पाहिली. "रक्त फार कमी आहे. पालेभाज्या खा, नाहीतर बाळंतपण जड जाईल." ते ऐकून माझ्यापेक्षा सासूबाईच जास्त घाबरल्या. घरी येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज मेथी. सासूबाई ती बारीक चिरायच्या, मग धुवायच्या, मीठ लावून ठेवायच्या आणि दोन्ही मुठींनी अशी पिळायच्या की हिरवंगार पाणी मोरीत वाहायचं. कारण काय, तर मामंजींना कडू चालत नव्हतं. त्यांच्या जिभेपायी अख्खं घर चोथा खात होतं. मला असा राग यायचा! पण नव्या सुनेनं सांगायचं कुणाला?

महिना झाला, अंधारी काही हटेना. मग नर्सबाई स्वतःच घरी आल्या, त्याही नेमक्या भाजी पिळायच्या वेळेला. म्हणाल्या, "अहो मावशी, सगळं सत्त्व मोरीत चाललंय की. आधी धुवा, मग चिरा. पिळू नका. झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवा."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "मीच माझ्या हातानं वाया घातलं की गं, माय," असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माझा राग कुठल्या कुठं गेला.

त्या संध्याकाळी मेथी न पिळताच झाली. मामंजी पहिला घास घेऊन थांबले. मी दाराआड उभी होते.

"आज पिळली न्हाई का?"

"न्हाई. पिळल्यानं कस जायलाय म्हनं. पोरीच्या अंगात रक्त न्हाई. तुमाला कडू लागंल, पन आता अशीच व्हईल." नवऱ्यापुढं असं सासूबाई कधी बोलल्याच नव्हत्या.

मामंजींनी वाकून कढईत पाहिलं. "आमी समदे जेवल्यावर पोरीच्या वाट्याला किती उरती?"

सासूबाईंनी घासभर भाजी कढईच्या कडेला सारून दाखवली.

"मंग आधी तिला वाढ."

त्या घरात गडीमाणसांच्या आधी जेवायला बसलेली मी पहिलीच सून. भाजी लय कडू होती. मला रडू आवरेना, आणि सासूबाई आपल्या "खा, माय, खा" म्हणत वाढत राहिल्या.