बकरीच्या जंताचे दोन संसार

बी.एस्सी.च्या झूलॉजी प्रॅक्टिकलात मी एकदा आपटले होते. ‘यंदाही आपटली तर कॉलेज बंद,’ बाबांनी सांगून टाकलं होतं. सत्तर-बहात्तरची गोष्ट. आमच्या कॉलेजात नियम असा, की फितीसारख्या जंताची स्लाइड ज्यानं त्यानं स्वतः करायची, अन्‌ जंतही स्वतःच आणायचा.

गेले जरीपटका वस्तीतल्या खाटकाकडे. म्हटलं, ‘भाऊ, आतड्यातला जंत पाहिजे.’

‘लोकं मटन नेतात वं बाई, तू जंत काहून नेऊन राहिली?’

पण दिला बिचाऱ्यानं. बकरीच्या पोटातला, पांढराफेक, हातभर लांब. बाटलीत घालून सायकलवरून आणला, तर आनंदानं रस्ताभर माझी बत्तिशी काही मिटेना.

एक तुकडा दोन काचांत दाबला, दोऱ्यानं बांधला, लाल रंगवला अन्‌ मायक्रोस्कोपाखाली धरला. अरे बाप्पा! काय तो जीव! तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. दुसऱ्याच्या घरी आयतं बसायचं अन्‌ सगळ्या अंगानं शोषायचं. मग आत भरलंय काय? नुसता संसार! एकाच तुकड्यात नरही तोच, मादीही तोच. त्यात माझ्या तुकड्यात डाव्या काठाला एक अंडाशय, उजव्या काठाला दुसरं, अन्‌ मधे वृषणांचे ठिपकेच ठिपके. एका खोलीत दोन बिऱ्हाडं! मला हसू आवरेना.

‘येडी झाली काय वं?’ शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. झालेच होते.

दिसलं तसं जर्नलमध्ये काढलं. आमच्या सरांनी त्यावर लाल फुली मारली. ‘दोन तुकडे एकावर एक चढले असतील. पुस्तकातल्यासारखं काढ.’ पुस्तकात माणसाच्या पोटातला जंत होता, एकाच संसाराचा. असा राग आला! पण बाबा आठवले. गुमान पुस्तकातला उतरवून काढला. सगळा वर्ग तेच करायचा.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक, एक्स्टर्नल, आले. त्यांनी माझ्या स्लाइडला डोळा लावला, मग जर्नल पाहिलं, परत स्लाइड पाहिली.

‘यातलं खोटं कोणतं?’

सर त्यांच्या मागेच उभे.

‘चित्र खोटं आहे, सर. बकरीच्या जंताले दोन्हीकडे असते.’ घाबरले की माझी घरची बोली बाहेर पडते.

‘मग खोटं का काढलंत?’

सरांचं नाव जिभेवर आलं होतं. गिळलं.

‘पास व्हायचं होतं.’

तेवढ्यात सर पुढे आले, चष्मा कपाळावर सरकवून माझ्या मायक्रोस्कोपावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

‘फुली मी मारली होती,’ ते तसेच वाकून म्हणाले. ‘स्लाइड आज पाहून राहिलो.’