खिळ्यावरची बादली

तळघरातला पंप एकोणीस वर्षं थोरल्या सुनेच्या हातातला. सफरचंदाचा रस आंबून निवळला, सायडर तयार झालं, की ते दाबाच्या टाकीत चढवायचं काम तिचंच. टाकीत आधीच वायू ठासून भरलेला; त्याला न जुमानता पंपानं सायडर खालून आत रेटायचं, म्हणजे बुडबुडे टिकतात. पंपाचा आवाज जरा घोगरा झाला तरी तिला वरच्या स्वयंपाकघरात कळायचं. नवरा म्हणायचा, "माझी हाक मात्र हिला शेजारच्या खोलीतून ऐकू येत नाही!"

आणि आज जेवताजेवता मामंजींनी सांगून टाकलं, "पंप आता धाकटी बघेल. शिकून आलीय ती. थोरले, तू जरा बस. गुडघे दुखतात ना तुझे?"

दुखत होतेच. पण ते आपणच कधीतरी बोलून दाखवलं, याबद्दल थोरलीला आता स्वतःची जीभ चावावीशी वाटली.

ती बसली. तळघरात, उलट्या क्रेटवर, अगदी पंपासमोर. धाकटी जाऊ कोरे पिवळे बूट घालून आली. नळी जोडली, पान्यानं सांधे आवळले, दाबाचा काटा वाचला. हात कसा सफाईदार! एक थेंब सांडेना. थोरली पान्यावर डोळे लावून बसली. मेलीनं निदान एकदा तरी पाना पाडावा!

तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली. बादली खिळ्यालाच होती.

नळीतली हवा आधी बादलीत काढायची, मगच टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. हवा आत गेली की महिन्याभरात सायडर ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. धाकटी शिकली तिथल्या यंत्रांतून हवा आपोआप निघून जायची. इथे बादली लागते.

"जाऊबाई, सगळं बरोबर आहे ना?"

"मला काय विचारतेस बाई? शिकलेली तू!"

थोरलीला आपलं पहिलं वर्ष आठवलं. हीच टाकी, हीच चूक. सासूबाई अशाच समोर बसून बघत होत्या. चकार शब्द बोलल्या नाहीत. पुढे दोन वर्षं घरभर तिचं नाव 'हवाबाई' पडलं. सासूबाईंचेही तेव्हा गुडघेच दुखत होते.

धाकटीनं पंप सुरू केला आणि व्हॉल्व्हला हात घातला.

"अगं, थांब!"

थोरली कशी उठली, तिचं तिला कळलं नाही. एक हात धाकटीच्या मनगटावर, दुसरा बटणावर. पंप गप्प.

"का थांबला गं?" जिन्यावरून मामंजी.

धाकटीचा चेहरा पांढराफटक. आता तिलाही बादली दिसली होती.

"मी थांबवला," थोरली ओरडली. "सांधा गळत होता!"

"तुला बस म्हटलं होतं ना?"

"बसूनच जास्त दुखतात, मामंजी!"

पावलं वर गेली. धाकटी हळूच म्हणाली, "तुम्हाला आधीच दिसलं होतं ना?"

"हो." थोरलीनं नजर चुकवली नाही. "तू पाना पाडला असतास, तर लगेच सांगितलं असतं."

हसावं की रडावं ते धाकटीला कळेना. तिनं बादली काढली.

"नळीच्या तोटीखाली धर. फेस संपेपर्यंत. आणि बूट मागे घे, कोरे आहेत."

"आणि पंप?"

"तो मीच सुरू करणार. बटणाला हात तर लावून बघ!" म्हणत थोरलीनं क्रेट पायानं सरकवलं, पंपाच्या आणखी जवळ.