शेठचा चहा

इंजिनिअरिंग झाल्यावर पहिली नोकरी मिळाली ती विकण्याची. गोंदियाच्या राइस मिलवाल्यांना सॉर्टर विकायचा. तांदळातला काळा दाणा कॅमेऱ्यानं हेरून हवेच्या फटक्यानं बाहेर उडवणारं मशीन ते. साहेबांनी रुजू होतानाच सांगितलं, "दिवाळीपर्यंत एक ऑर्डर. नाही आली तर तू तुझ्या घरी."

दिवाळी तोंडावर आली तरी ऑर्डरचा पत्ता नव्हता. मी मशीनचं सांगायची आणि मिलवाले माझ्या पाठीमागं बघत विचारायचे, "साथ में कोई नहीं आया?" असं डोकं तडकायचं! शेवटी साहेबांनीच तिरोडा रोडवरची एक मिल सांगितली. शेठला नवा सॉर्टर घ्यायचाय, उद्याच जा म्हणाले.

शेठ मोठा गोड. "आओ बेटा" म्हणत खुर्ची दिली, चहा मागवला. त्याचा जुना सॉर्टर काळ्याबरोबर चांगला तांदूळही फेकून राहिला होता. ओंजळभर तांदूळ माझ्यापुढं धरून म्हणाला, "देखो, किती नुकसान होऊन राहिलं! भंगारातच द्यावं लागन ना हे?"

तिथं फक्त "हो" म्हणायचं होतं. पण बिघडलेलं मशीन समोर असताना इंजिनिअरला कुठं बसवतं? ओढणी कमरेला खोचली. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलं होतं, हवेबरोबर ते व्हॉल्व्हमध्ये जात होतं. टाकी रिकामी केली, फिल्टर साफ केला, कॅमेऱ्याच्या काचा पुसल्या. कोंड्यानं नखशिखान्त माखले. मशीन चालू केलं, तर फक्त काळा दाणा बाहेर! काय आनंद झाला मला! वाटलं, आता शेठ डोळे झाकून आपल्याकडूनच नवं घेईल.

शेठनं एक दाणा दाताखाली फोडला आणि मुनीमाला म्हणाला, "चलो, इस सीझन का काम हो गया." मग माझ्याकडं वळून हसला. "दरसाल बोलावतो बेटा कंपनीवाल्यांना. मेकॅनिक पैसे घेते, इंजिनिअरला चहा पुरते."

ऑफिसात सांगितलं तर साहेब खो खो हसले. त्यांना सगळं ठाऊक होतं! "नव्या माणसाला तिथंच पाठवतो मी. कोण विकते आणि कोण पाना हातात घेते, लगेच समजते. काऊन कपडे खराब करून घेतले?" ओळखपत्र त्याच संध्याकाळी काढून घेतलं. हरामखोर!

पुढच्या सीझनला एका मुलाचा फोन आला. माझ्या जागी लागलेला नवा इंजिनिअर, माझा नंबर त्या मिलच्या फाईलीत सापडला म्हणे. साहेबांनी त्याला त्याच मिलवर पाठवलं होतं, आणि एक ऑर्डर आणली की तो पर्मनंट होणार होता.

"मॅडम, तिथं काय करू? काही सांगा ना."

मी मशीनचं सगळं सांगितलं. टाकी कशी रिकामी करायची, काचा कशा पुसायच्या. "मशीन एकदम नवं करून दे," म्हटलं, "शेठ खूश झाला की ऑर्डर आलीच समज."

पोरगा थँक्यू, थँक्यू म्हणून राहिला होता. मी फोन ठेवला आणि पोटभर जेवले.